आधी वही उघडा

‘तगादा’ हा शब्द आपण आता फार हलक्याने वापरतो. रूममेटने लाइट बिलाचे पैसे दोनदा मागितले की झाला तगादा. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी मुलखात तगादा ही वसुलीची रीतसर पद्धत होती आणि तिला पायऱ्या होत्या. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखावर अहवाल लिहिला. त्यात तिचं वर्णन आहे.

कर्जदार बरोबरीचा किंवा खालच्या दर्जाचा असेल तर सावकार त्याला घरातच अडकवून ठेवी, जेवू देत नसे, उन्हात बसवी. कर्जदार वरचढ असला की सगळं उलटं. मग सावकारच त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे, वाटेत आडवा येई, दारासमोर आरडाओरडा करी. स्वतःला जमत नसेल तर हे करायला दुसरी माणसं लावी. तेवढ्यानेही भागलं नाही तर दारात उपाशी बसे, आणि तो उपाशी आहे तोवर घरातल्यानेही जेवायचं नाही असा दंडक होता.

हे सगळं तडजोड होईपर्यंत चाले. अहवाल वाचताना मला पहिल्यांदा जाणवली ती भाड्याची माणसं. रिकव्हरी एजंट आपण समजतो तितका नवा नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. ऊन आहे, उपास आहे, अब्रू आहे, देवाची शपथ आहे, पण या वर्णनात वही उघडून ‘बघू, नक्की किती देणं निघतं’ असं म्हणणारा कुणी नाही. कर्ज मिटवताना दुबळ्या बाजूचा जोर कशात असतो, या प्रश्नाचं उत्तर मला त्या न उघडलेल्या वहीत सापडतं. ती वही उघडायला महाराष्ट्राला आणखी साठ वर्षं लागली.

तीन वर्षांचं खत

आपल्याकडे ‘दामदुप्पट’ नावाचा जुना नियम होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभर दिले तर फार तर दोनशे मागा. कंपनी सरकारनेही मुंबई इलाख्यात १८२७ च्या रेग्युलेशनने व्याजाला १२ टक्क्यांची मर्यादा घातली होती. १८५५ साली व्याजदरावरची बंधनं उठवली गेली. आणि १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. कर्जरोख्यावरून दावा लावायचा तर तीन वर्षांच्या आत.

हा कायदा कर्जदाराच्या भल्यासाठी होता. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, हा त्यामागचा विचार. सावकारांनी त्याचा उपयोग नेमका उलटा केला. तीन वर्षं भरत आली की ते कुळाला बोलावत, थकलेलं व्याज मुद्दलात मिसळत आणि त्या रकमेचं नवं खत लिहून घेत.

आपण गणित करून बघू. १०० रुपये, दर २४ टक्के. तीन वर्षांचं व्याज ७२, नवं खत १७२ चं. आणखी तीन वर्षांनी खत सुमारे २९६ चं. नवव्या वर्षी सुमारे ५०९. सरळ व्याजाने हाच आकडा ३१६ झाला असता आणि दामदुप्पट धरली तर २०० वर थांबला असता. पण खत नवं झालं की मुद्दलही नवं. मग दामदुप्पटही त्या नव्या आकड्यावर मोजायची! नियम कागदावर शाबूत राहिला आणि त्यातला अर्थ निघून गेला.

यात भर पडली कापसाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव उतरले, आणि थोड्याच वर्षांत सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून तो वाढवला. उधारी आटली, जुनी खतं मात्र राहिली. पुढे चौकशी आयोगापुढे असंही प्रकरण आलं, ज्यात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं होतं.

सुप्याचा बाजार

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडलं. देणं होतं सुमारे दीडशे रुपयांचं. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने दाढी करायची नाही, धोब्याने कपडे धुवायचे नाहीत, सुताराने काम करायचं नाही. हाही तगादाच म्हणायचा, फक्त आता दिशा बदलली होती.

१२ मे १८७५ रोजी सुपे इथे बाजार भरला होता. हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरं जाळली गेली. पण लोक मागत होते ते कागद. वह्या द्या, खतं द्या. मिळाली की चौकात होळी. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हे लोण पसरलं. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. सैन्य आलं, ९५१ जणांना अटक झाली.

शाळेत हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन गुणांच्या प्रश्नात उरकलं होतं. आयोगाने नोंदवलेल्या तक्रारी वाचल्यावर चित्र वेगळं दिसतं. सावकार पावती देत नाही. खतात खोटे आकडे घालतो. पीक स्वस्तात घेतो आणि त्याची जमा धरत नाही. कुळाला वाचता येत नाही आणि कोर्ट अंगठा बघून निकाल देतं. ज्या वहीत आपल्याला डोकावता येत नाही, तिच्याशी वाटाघाट कशी करणार? म्हणून ती जाळली.

कोर्टाने वही उघडली

चार वर्षांनी, १८७९ साली, डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे याच कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून काम केलं. कलमं रुक्ष आहेत, तरी त्यातली काही मला आजही थक्क करतात.

सावकार दाव्याला आला की कोर्टाने शेवटचं खत बघून थांबायचं नाही. व्यवहार पहिल्यांदा सुरू झाला तिथपासूनचा इतिहास काढायचा. मुद्दल वेगळं लिहायचं, व्याज वेगळं, आणि मधल्या काळात मुद्दलात मिसळलेलं व्याज मुद्दल म्हणून धरायचं नाही. म्हणजे ते ५०९ चं खत पुन्हा १०० पासून मोजायचं. कर्जदाराने ‘हो, एवढं देणं आहे’ असं कबूल केलं तरी चौकशी टळत नाही. ही कबुली खरी आहे आणि आपले कायदेशीर हक्क पूर्ण ठाऊक असताना दिली आहे, असं कोर्टाला वाटलं आणि त्याने तशी कारणं लिहून ठेवली, तरच ती टळते.

बाकीही बरंच होतं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद नाही. कोर्ट हप्ते बांधून देऊ शकतं. दाव्याआधी कन्सिलिएटर म्हणून नेमलेल्या गावाकडच्या जाणत्या माणसासमोर समेटाचा प्रयत्न करायचा. आणि शेवटी तीन साधे हक्क: पैसे दिले की लेखी पावती, वर्षाला हिशोबाचा उतारा, मागितलं तर पासबुक.

कायद्याने सावकारी संपली नाही. सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. तरीही तडजोडीचा पाया बदलला होता. आता कर्जदार दयेची भीक न मागता म्हणू शकत होता, ‘आधी हिशोब करू, मग किती सोडायचं ते बोलू.’

सेटल्ड आणि क्लोज्ड

हे सगळं मी वाचायला घेतलं ते मावसभावाच्या क्रेडिट कार्डामुळे. त्याची नोकरी गेली, सात महिने बिल थकलं. एजंट मावशीलाही फोन करायचा. ‘१ लाख ४२ हजार आहेत, ९५ हजारांत मिटवतो, आज रात्रीपर्यंतच.’ दादा हो म्हणायच्या बेतात होता. त्याला त्या रकमेचा धाक नव्हता, आईला येणाऱ्या फोनचा होता. उंबरठ्यावर आडवं पडायचं काम आता फोन करतो.

आम्ही बँकेला ईमेल करून सुरुवातीपासूनची सगळी स्टेटमेंट्स मागवली. खर्च एका रकान्यात लिहिला, व्याज, लेट फी आणि त्यावरचा कर दुसऱ्यात, भरलेले पैसे तिसऱ्यात. प्रत्यक्ष खर्च होता ७८ हजार. हा तक्ता पाठवून, नोकरी गेल्याचं पत्र जोडून, आम्ही लेखी प्रस्ताव मागितला. तीन आठवड्यांनी ७२ हजार, तीन हप्त्यांत, बँकेच्या लेटरहेडवर आले. पैसे थेट कार्डाच्या खात्यात भरले, एजंटच्या हातात एक रुपया नाही. शेवटी देणं संपल्याचं पत्र घेतलं.

आज कायद्याचं बळही थोडं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकावणं, नातेवाइकांसमोर बेअब्रू करणं मना आहे. तडजोडीने कर्ज मिटवण्याबाबत २०२३ पासून बँकांना स्वतंत्र चौकट आहे. दामदुप्पट मात्र मदतीला येत नाही. व्याज मुद्दलाहून जास्त न घेण्याचं बंधन महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात आहे, पण बँकेचं कर्ज त्या कायद्यात मोडत नाही.

आणि सुप्याच्या शेतकऱ्यांना ठाऊक नसलेली एक वही आता आहे. खत जळलं की त्यांच्यापुरतं कर्ज संपत होतं. सिबिल २००० साली स्थापन झाली आणि २००५ च्या कायद्याने अशा कंपन्यांचं काम बांधून दिलं. आता हिशोबाची एक प्रत तिसऱ्याच्या घरी असते. बँकेने काही रक्कम सोडली की तिथे ‘क्लोज्ड’ नव्हे तर ‘सेटल्ड’ अशी नोंद होते आणि ती वर्षानुवर्षं पुढच्या प्रत्येक बँकेला दिसते. सोडलेली रक्कम नंतर भरली तर नोंद बदलू शकते, पण तसं बँकेने कळवावं लागतं. ब्युरो परस्पर बदलत नाही.

दादाने हे माहीत असताना ‘सेटल्ड’ निवडलं. बहिणीची फी भरायची होती, ७२ च्या वर एक रुपया काढणं शक्य नव्हतं. दोन वर्षांनी बाइकचं लोन नाकारलं गेलं तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं नाही. पैसे साठवून त्याने जुनी बाइक रोखीने घेतली. १८७९ च्या कायद्यातले शब्द इथे मला फार नेमके वाटतात: आपले हक्क पूर्ण ठाऊक असताना दिलेली कबुली. तडजोड स्वस्त पडली की महाग, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवताना दोन्ही वह्या समोर हव्यात.

दुसरी वही बघणं अवघड नाही. प्रत्येक क्रेडिट ब्युरोने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा २०१७ पासून नियम आहे. चुकीची नोंद असेल तर तक्रार करायची. ३० दिवसांत ती निस्तरली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. वर्षाला हिशोबाचा उतारा मागण्याचा हक्क चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना मिळाला, तो वह्यांच्या होळीनंतर. आपल्याला तो मोबाइलवर मिळतो. यंदाचा अजून मागवला नसेल, तर आजच मागवा.