मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाचे अंतर किती, वेळ किती?

उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींसोबत काम करताना आम्हाला तिकिटावरील वेळेचा गोंधळ वारंवार दिसतो. जानेवारीत निघणाऱ्या एका मुलीच्या भावाने तिकीट पाहून सांगितले, "रात्री दीडला निघते, सकाळी साडेसातला पोहोचते. म्हणजे सहा तास!" घरातून पहिल्यांदाच कोणी विमानात बसणार असेल, तर असा समज होणे साहजिक आहे. म्हणून हा हिशेब आधीच समजून घेऊ.

अंतर

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांतील सरळ हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्याने हा सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे वळून आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. प्रत्यक्षात विमान थोडे जास्त अंतर कापते. युद्ध किंवा राजकीय तणावामुळे हवाई हद्द बंद झाली, की वळसा वाढतो. २०२२ पासून अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना रशियावरून, तर एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानवरून जाता येत नाही.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा याच प्रवासाला बोटीने काही आठवडे लागत.

वेळ

मोठे प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. या वेगाने १४ तास होतात. मात्र उंचावरील जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे थेट विमानाला जाताना साधारण १५ ते १७ तास लागतात, येताना त्याहून कमी.

तिकिटावरील वेळ

निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तास असतो. वरच्या उदाहरणात न्यूयॉर्कचे सकाळचे साडेसात म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. प्रवास सहा तासांचा नाही, साडेसोळा तासांचा आहे.

तिकीट काढण्यापूर्वी

• रात्री दीडचे विमान म्हणजे आदल्या रात्रीच विमानतळावर पोहोचायचे. तारीख चुकली तर विमान हातचे जाते.

• दुबई, दोहा किंवा युरोपात थांबा असेल, तर एकूण प्रवास २० तासांच्या पुढे जातो. थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते तपासा.

• स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे काढू नका. एकाच बुकिंगमध्ये पुढचे विमान कंपनीच्या उशिरामुळे चुकले, तर पर्यायी विमान देणे कंपनीकडे येते. वेगळ्या तिकिटांवर तो भुर्दंड तुमचा.

• अमेरिकेत पुढे दुसऱ्या शहरात जायचे असेल, तर इमिग्रेशन साधारणपणे पहिल्याच विमानतळावर होते आणि सामानही तिथेच घ्यावे लागते. मध्ये किमान तीन तास ठेवा.

तिकिटाचे पैसे अनेकदा कर्जाचे किंवा आईच्या बचत गटातले असतात. म्हणून पैसे भरण्याआधी कागदावर दोन्ही शहरांची वेळ लिहून हिशेब करा आणि तो घरच्यांनाही समजावून सांगा. सोळा तास फोन लागला नाही, तरी ते घाबरणार नाहीत.