रानाचा वारसा, रक्ताचा वारसा

बालाघाट जिल्ह्याच्या पूर्वेकडील बिरसा हा सालवृक्षांच्या रानाचा आणि गोंड व बैगा लोकवस्तीचा मुलूख. १९५६ पर्यंत या जिल्ह्याचा कारभार नागपुराहून चाले. हिवतापाचा प्रदेश म्हणून या रानाची ख्याती जुनी आहे. त्या हिवतापाचा इतिहास केवळ सरकारी दप्तरात नव्हे, तर मध्य भारतातील माणसांच्या रक्तातही लिहिला गेला आहे.

काही घरांत मूल पाचसहा महिन्यांचे झाले, की त्याचे हातपाय सुजू लागतात, सांधे ठणकतात, अंगातले रक्त कमी होते. वैद्यक या व्याधीस सिकलसेल म्हणते. १९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटातील एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले, तेथून या शोधाचा प्रारंभ झाला. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे दाखविले. भारतात १९५२ साली नीलगिरीतील आदिवासींत हे लक्षण सापडले. १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला.

परंतु इतके घातक जनुक पिढ्यानपिढ्या टिकले कसे? १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून त्याचे उत्तर दिले. मातापित्यांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेल्या बालकास जीवघेण्या हिवतापापासून पुष्कळ संरक्षण लाभते. दोघांकडूनही ते आले, तर मात्र व्याधी जडते. म्हणजे ज्या वारशाने काही लेकरे हिवतापातून वाचविली, त्याचीच किंमत दुसरी लेकरे वेदनेने मोजीत आली. तेव्हा हा कोणत्याही जातीजमातीचा कलंक नव्हे. हिवतापाच्या मुलखात तगून राहिल्याची ती खूण आहे.

हिवताप हटला, तरी जनुक एकाएकी जात नाही. पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास व्याधी होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असल्याने रक्त तपासल्यावाचून हे उमगत नाही. म्हणूनच १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. २०४७ पर्यंत या व्याधीचे उच्चाटन करण्याचा तिचा संकल्प आहे. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात, हेही आता सिद्ध झाले आहे.

मात्र तपासणीचा कागद हाती आल्यावर समाज त्याचे काय करतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. तो कागद पाहून एखाद्या वाहक मुलीचे स्थळ नाकारून तिला कायमची घरी बसविली, तर ज्ञानाचा शाप होईल. दोघांनी आपापले रक्त जाणून विचारपूर्वक संसार मांडला, तर तेच ज्ञान पुढील पिढीचे रक्षण करील. रानाने दिलेला वारसा नाकारता येत नाही. तो ओळखून मात्र घेता येतो.