एकोणसाठ दिवस उघडं राहिलेलं दार

आजच्या भागात आपण तमिळनाडूतल्या ओरगडमला जाऊ. चेन्नईच्या नैऋत्येला असलेलं हे गाव. आपल्याकडे जसं चाकण, तसं तिकडे ओरगडम. मोटारी आणि सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचा हा पट्टा आहे. रेनो आणि निसान या कंपन्यांचा एकत्रित कारखाना इथे २०१० मध्ये सुरू झाला.

१२ मे २०१७, शुक्रवार. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. कॉम्प्युटरमधल्या फाइल्स कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागायचे, हे त्याचं काम. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याने धरले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. फ्रान्स, रुमानिया, इंग्लंड इथल्या मोटार कारखान्यांबरोबर ओरगडमच्या कारखान्यालाही फटका बसल्याच्या बातम्या आल्या.

असं काही घडलं की आपण लगेच विचारतो, “कोणी नको ती मेल उघडली?” मला हा प्रश्नच इथे चुकीचा वाटतो. वॉनाक्रायला कोणी क्लिक करण्याची गरजच नव्हती. विंडोजमध्ये फाइल शेअर करण्याच्या व्यवस्थेत एक फट होती. त्या फटीतून तो एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये आपोआप शिरत होता.

आता तारखा बघा. मायक्रोसॉफ्टने ही फट बुजवणारं अपडेट १४ मार्चला दिलं होतं. फटीचा फायदा घेणारं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडचं होतं. ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या गटाने ते १४ एप्रिलला उघड्यावर आणलं, आणि १२ मेला हल्ला झाला. म्हणजे उपाय हातात येऊन ५९ दिवस झाले होते. मग अपडेट का टाकलं नाही? कारखान्यातलं मशीन बंद ठेवलं की उत्पादन थांबतं, आणि जुनं सॉफ्टवेअर नव्या अपडेटनंतर चालेल याची खात्री नसते. म्हणून ते काम पुढे ढकललं जातं. हा निर्णय साहेबांच्या टेबलावर होतो, कामगाराच्या नाही.

पुढचा धक्का आपल्या दारात बसला. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. पसरण्याच्या त्याच्या मार्गांपैकी एक हीच फट होती. मर्स्क कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिथेही एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच चोरांनी बगलेत मारली होती. खातेदारांची त्यात काही चूक नव्हती.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि ऑफिसचे लॅपटॉप घरी आले. साताऱ्यात, बेळगावात, इंदुरात, घरच्या वायफायवर कंपनीची कामं सुरू झाली. कंपनीची भिंत आता तुमच्या बैठकीच्या खोलीपर्यंत आली. त्याबरोबर जबाबदारीही गुपचूप घरी ढकलली गेली. वर्षातून एकदा ऑनलाइन प्रशिक्षण दिलं की संपलं. त्यानंतर काही बिघडलं तर दोष तुमचा.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी संस्थेने आदेश काढला. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थेने ती कळवायची. पण पहिली शंका येते ती बहुतेक वेळा घरून काम करणाऱ्या एखाद्याला. नोकरी जाईल या भीतीने तो गप्प बसला, तर संस्थेला कळणार कधी?

वॉनाक्राय थांबवला कोणी, तेही सांगतो. मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या इंग्लिश तरुणाने. त्याची कंपनी अमेरिकेतली, तो काम करायचा इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या घरातून, आणि तेव्हा रजेवर होता. प्रोग्रॅममध्ये त्याला एक विचित्र वेबपत्ता दिसला. तो कोणाच्याच नावावर नव्हता. त्याने दहा-अकरा डॉलरमध्ये तो नोंदवला आणि प्रसार थांबला. कोणाच्या परवानगीची वाट पाहत तो थांबला नाही.

म्हणून मंडळी, घरून काम करत असाल तर दोन गोष्टी साहेबांना विचारून ठेवा. माझ्या लॅपटॉपची अपडेट्स कोण बघतं? आणि शंका आली तर रात्री अकरा वाजता फोन कोणाला करायचा? उत्तर मिळालं तर तो नंबर आजच कागदावर लिहून ठेवा, कारण लॅपटॉपच बंद पडला तर त्यातला नंबर उपयोगाचा नाही.