पिल्ले, धनराज
पिल्ले, धनराज : (१६ जुलै १९६८ – ). भारतीय हॉकीपटू. जन्म पुण्याजवळील खडकी येथे, तमिळ कुटुंबात. वडील दारूगोळा कारखान्यात मैदानाची निगा राखत. नवी स्टिक परवडत नसे. मोडकी स्टिक दोरीने बांधून भावंडे कारखान्याच्या वसाहतीतच खेळली. पुढे थोरला भाऊ रमेश याच्यामागून धनराज मुंबईला आला आणि महिंद्र संघातून गाजला. १९८९ मध्ये भारतीय संघात प्रवेश. चार ऑलिंपिक (१९९२–२००४) आणि चार विश्वचषक खेळूनही त्यांत पदक नाही, हे दुर्दैवच. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत मात्र त्याच्या नेतृत्वाखाली ३२ वर्षांनी सुवर्णपदक मिळाले. पाठोपाठ भारतीय हॉकी महासंघाने त्यालाच संघातून वगळले! व्यावसायिक खेळाडू म्हणून तो जर्मनी, फ्रान्स, मलेशियातील क्लबांकडूनही खेळला. पद्मश्रीने सन्मानित.