पदरी तार आणि दीर्घ लहरी

तारेतून बॅटरीचा प्रवाह जातो तेव्हा तिचा सगळा गाभा कामाला लागतो. रेडिओच्या वारंवारतेचा प्रवाह मात्र पृष्ठभागालगतच्या पातळ थरातूनच वाहतो. हॉरेस लॅम्ब यांनी 1883 मध्ये गोलाकार वाहकांसाठी हे गणिताने दाखवले आणि ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1885 मध्ये ते इतर आकारांच्या वाहकांना लावले. तांब्यात या थराची जाडी 10 किलोहर्ट्झला सुमारे 0.66 मिलिमीटर, 100 किलोहर्ट्झला 0.21 आणि 1 मेगाहर्ट्झला जेमतेम 0.066 मिलिमीटर भरते. त्यामुळे तार दुप्पट जाड केली तर रोध चौथाईवर येईल, हा घरच्या वायरिंगचा हिशेब इथे लागू पडत नाही. वेटोळ्यात आणखी एक अडचण असते. शेजारच्या वेढ्याचे चुंबकीय क्षेत्र प्रवाहाला तारेच्या एका कडेला रेटते, आणि खेटून गुंडाळलेली जाड तार कधीकधी बारीक तारेपेक्षाही जास्त ऊर्जा खाते.

यावरचा उपाय जर्मन कारखान्यांतून रूढ झाला: तांबे अनेक बारीक पदरांत वाटायचे, प्रत्येक पदराला स्वतंत्र इनॅमल चढवायचे आणि वर रेशीम गुंडाळायचे. हीच लिट्झ तार. तिचे मर्म पिळात आहे. सगळे पदर एकाच झटक्यात पिळले तर मधला पदर मधेच राहतो आणि फायदा हुकतो. म्हणून तिनांचा पीळ, अशा तीन पिळांचा पुन्हा पीळ, असे चढत जायचे. मग प्रत्येक पदर कधी गाभ्यात, कधी कडेला येतो आणि प्रवाह सर्वांत सारखा वाटला जातो.

या तारेचे सर्वांत दांडगे रूप इंग्लंडमधील रग्बी केंद्रात दिसले. 1926 पासून 16 किलोहर्ट्झवर संदेश पाठवणाऱ्या या केंद्राच्या ॲन्टेनाची जुळणी करणाऱ्या प्रचंड वेटोळ्यांत 6,561 पदरांची दोरखंडाएवढी तार होती. 6,561 म्हणजे तिनाचा आठवा घात. केंद्राचे हे काम 2003 मध्ये थांबल्यावर त्यांतले एक वेटोळे लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गेले.

संदेश घेणाऱ्याची अडचण वेगळी होती. 1913 च्या सुमारास फर्डिनांड ब्राउन यांनी स्ट्रासबर्गमध्ये बंद चौकटीवर तार गुंडाळून आयफेल टॉवरवरचे संकेत पकडले. अशा लूपमध्ये निर्माण होणारा विद्युत्दाब फारच क्षीण असतो. 17 किलोमीटरच्या लहरीसाठी एक चौरस मीटरच्या चौकटीवर 100 वेढे घातले, तरी तिची परिणामी उंची, म्हणजे तेवढाच दाब देणाऱ्या सरळ तारेची उंची, साडेतीन सेंटीमीटरच्या आसपासच राहते. कपॅसिटर जोडून लूप त्या वारंवारतेला जुळवला की हा दाब कित्येक पट वाढतो. किती पट, ते तारेतल्या नुकसानीवर ठरते. कमी नुकसानीच्या तारेचा सगळा आग्रह त्यासाठी.

युरोपातल्या हौशी मंडळींनी 1920 च्या दशकात लिट्झ घरोघरी नेली आणि तिची खोडही त्यांनाच कळली. टोके जोडताना प्रत्येक पदराचे इनॅमल निघाले पाहिजे. ठरलेली रीत अशी: टोक स्पिरिटच्या ज्योतीत लाल होईपर्यंत धरायचे, लगेच स्पिरिटमध्येच बुडवायचे, मग कथिल चढवायचे. केसाएवढे पदर या उद्योगात सहज तुटतात. दोन-चार पदर जोडणीबाहेर राहिले की वेटोळे चालते, पण त्याची धार जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. जी. डब्ल्यू. ओ. होव यांनी 1917 मध्ये आणि एस. बटरवर्थ यांनी 1926 मध्ये पदरी तारेच्या रोधाचे गणित मांडले, तेव्हा अंदाजपंचे निवड मागे पडली.

तोवर मोठ्या पल्ल्याचे वारे लघुलहरींकडे वळले होते. 1927 मध्ये पुण्याजवळच्या खडकीचे प्रक्षेपण केंद्र आणि दौंडचे ग्रहण केंद्र यांनी भारत-इंग्लंड बीम सेवा सुरू केली. इतक्या वरच्या वारंवारतेला लिट्झचा उपयोग नाही. ती टिकली मध्यमलहरींत. महाराष्ट्रातल्या घराघरांत क्रिकेटची कॉमेंट्री ऐकवणाऱ्या ट्रान्झिस्टर संचांत फेराइटच्या काळ्या दांडीवर पुष्कळदा हीच रेशीमवेष्टित पदरी तार असे. ती एका टोकाशी तुटली की आकाशवाणीचे मुंबई 'अ' केंद्र खरखरू लागे.

आज घरी लूप बनवणाऱ्याला ऐकण्याजोगी दीर्घलहरींची केंद्रे मोजकीच उरली आहेत. स्वीडनमधील ग्रिमेटोन, 1924 चे, 17.2 किलोहर्ट्झवर, वर्षातून काही मोजक्या दिवशीच बोलते. भारतात तिरुनेलवेलीजवळचे आयएनएस कट्टबोम्मन हे नौदलाचे केंद्र 18.2 किलोहर्ट्झवर पाणबुड्यांसाठी संदेश पाठवते. या वारंवारतेला तांब्यातला थर जवळपास अर्धा मिलिमीटर असल्याने मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळणारी 25 गेजची साधी इनॅमल तार उत्तम चालते. वेढ्यांमध्ये थोडी जागा सोडली तर आणखी बरे. शिवाय चौकट पुरेशी मोठी असेल तर ऐकण्याला खरी मर्यादा विजांच्या खरखरीची पडते, तारेची नाही. अशा घरगुती लूपमध्ये लिट्झचे पैसे साधारण 50 किलोहर्ट्झच्या वर वसूल होऊ लागतात आणि 2 मेगाहर्ट्झच्या पुढे पुन्हा वाया जातात.