आयकर विवरणपत्राची मुदत चुकली तर काय? विलंब शुल्क, व्याज आणि पुढचे मार्ग

पगारातून टीडीएस कापला गेला की कराचे काम संपले, असा अनेकांचा समज असतो. मग मुदत ठेवीच्या व्याजाची नोंद विभागाकडे पोहोचते, गृहकर्जासाठी बँक मागच्या वर्षांचे आयटीआर मागते आणि विवरणपत्र राहून गेल्याचे लक्षात येते. मुदत चुकली म्हणून सगळे दरवाजे बंद होत नाहीत. मात्र जितका उशीर, तितका खर्च वाढतो. आर्थिक वर्ष २०२४-२५ चे उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

पहिला मार्ग : बिलेटेड रिटर्न

लेखापरीक्षण लागू नसलेल्या करदात्यांसाठी या वर्षाची मुदत वाढवून १६ सप्टेंबर २०२५ करण्यात आली होती. त्यानंतर आयकर कायदा १९६१ च्या कलम १३९(४) नुसार ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येत होते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

कलम २३४एफ नुसार विलंब शुल्क ५,००० रुपये आहे. एकूण करपात्र उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल, तर ते १,००० रुपयांपेक्षा जास्त नसते. ज्याला विवरणपत्र भरणे कायद्याने बंधनकारकच नाही, त्याला हे शुल्क लागत नाही.

व्याज किती?

कर थकीत असेल तर कलम २३४ए नुसार दरमहा १ टक्का व्याज लागते. महिन्याचा एक दिवस जरी उलटला तरी पूर्ण महिना धरला जातो. टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर देणे असताना आगाऊ कर भरला नसेल, तर कलम २३४बी आणि २३४सी यांचे व्याजही जोडले जाते. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ करातून सूट आहे.

समजा, ५ लाखांहून अधिक उत्पन्न असलेल्या एका नोकरदाराचा ठेवींच्या व्याजावरील २०,००० रुपये कर बाकी आहे आणि त्याने २० डिसेंबर २०२५ रोजी विवरणपत्र भरले. त्याचा हिशेब असा :

- बाकी कर : २०,००० रुपये
- २३४ए, ४ महिने : ८०० रुपये
- २३४बी, एप्रिलपासून ९ महिने : १,८०० रुपये
- २३४सी : १,०१० रुपये
- विलंब शुल्क : ५,००० रुपये
- एकूण : २८,६१० रुपये

पैशांपलीकडचे नुकसान

उशिरा विवरणपत्र भरणाऱ्या पगारदाराला जुनी करप्रणाली निवडता येत नाही, नवीच लागू होते. त्यामुळे ८०सी किंवा घरभाड्याची सवलत धरून केलेला हिशेब कोलमडू शकतो. शेअर किंवा धंद्यातील त्या वर्षीचा तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. घराच्या मालमत्तेवरील तोट्याला मात्र हा नियम लागू नाही. बिलेटेड रिटर्नमध्ये परतावा मागता येतो.

३१ डिसेंबरही उलटली तर : अपडेटेड रिटर्न

कलम १३९(८ए) खालील आयटीआर-यू हा यानंतरचा मार्ग आहे. वित्त कायदा २०२५ ने त्याची मुदत २४ महिन्यांवरून ४८ महिने केली. ही मुदत करनिर्धारण वर्ष संपल्यापासून मोजतात. कर आणि व्याज यांच्या बेरजेवर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, पुढे प्रत्येक वर्षी अनुक्रमे ५०, ६० आणि ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो. म्हणजे २०२४-२५ साठी २५ टक्क्यांची मुदत ३१ मार्च २०२७ पर्यंत आणि शेवटची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत.

वरच्याच नोकरदाराने २० जून २०२६ रोजी आयटीआर-यू भरल्यास विलंब शुल्कासह ही रक्कम सुमारे ३७,५०० रुपयांवर जाते.

आयटीआर-यू मधून परतावा मिळत नाही आणि कराची जबाबदारी कमीही करता येत नाही. त्या वर्षाची करनिर्धारणाची कारवाई सुरू असेल, तर हा मार्ग बंद होतो.

परतावा अडकला असेल तर

टीडीएस जास्त कापला गेला आणि ३१ डिसेंबरही चुकली, तर कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत तो करावा लागतो. आजारपणासारखे खरे कारण आणि त्याचे पुरावे सोबत हवेत. अर्ज मंजूर झाला तरी अशा परताव्यावर व्याज मिळत नाही.

भरताना क्रम कोणता ठेवावा?

१. ई-फायलिंग पोर्टलवरून फॉर्म २६एएस आणि एआयएस उतरवून बँक पासबुकाशी ताडून पाहावे.
२. कर, व्याज आणि शुल्क यांचा हिशेब करून ‘ई-पे टॅक्स’मधून आधी रक्कम भरावी.
३. चलनाचा तपशील विवरणपत्रात नोंदवावा आणि योग्य कलम निवडावे.
४. ३० दिवसांच्या आत ई-पडताळणी करावी. ती उशिरा झाली, तर पडताळणीची तारीख हीच विवरणपत्र भरल्याची तारीख मानली जाते.

जाणूनबुजून विवरणपत्र टाळल्यास कलम २७६सीसी खाली खटला होऊ शकतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला असला, तरी त्याआधीच्या वर्षांची थकबाकी १९६१ च्या कायद्यानुसारच निकाली निघते. त्यामुळे नव्या कायद्याने जुने विवरणपत्र आपोआप माफ होत नाही.