फुंकर मारल्यानंतर

परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर आपण एसटीत चढतो, तेव्हा अनोळखी चालकाच्या हाती जीव सोपवतो. तो शुद्धीत आहे ना, हे कोणी पाहायचे?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळणे हा गुन्हा आहे. रक्तातले मद्य फुप्फुसांतल्या हवेत उतरते, म्हणून नळीत फुंकर मारायला लावून ते मोजता येते. पण यंत्राला कळते ते गेल्या काही तासांतले पिणे, व्यसन नव्हे.

नोकरी जाईल या भीतीने माणूस व्यसन लपवतो आणि धोका वाढतो. म्हणून १९७३ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेने व्यसनी डॉक्टरांचा प्रश्न उघडपणे मांडला. १९७४ मध्ये तिथेच वैमानिकांसाठी योजना निघाली: आधी उपचार, मग सहकारी, वरिष्ठ व डॉक्टर यांची दीर्घ देखरेख, त्यात टिकला तर पुन्हा विमान हाती. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केले. तिथेही उपचारांनंतरचा पाठपुरावा महत्त्वाचा मानतात.

प्रवाशाला सुखरूप पोहोचायचे असते. त्यासाठी प्यायलेल्या चालकाला गाडीवरून उतरवायलाच हवे. पण बरा होऊन परतण्याची वाटही त्याला दिसायला हवी. ती नसेल, तर मदत मागायला पुढे कोण येईल?